दाराची आतली बाजू

आमच्या घराचं दार सध्या एका किल्ल्यात उभं आहे. किल्ला आपला म्हणायचा म्हणून. चार बुरुज, त्यांतले दोन ढासळलेले, एक देवडी, आत जहागीरदारांची माडी आणि भोवती बारा महिने कोरडा असलेला खंदक. त्यात गावच्या शेळ्या चरतात. गावाचं नाव मी लिहीत नाही. मोहोळला आगगाडीतून उतरून पुढे सर्व्हिस मोटारीने जावं लागतं, एवढं पुरे. त्या माडीवर दोन वर्षांपूर्वी एका कवीच्या स्मृतीसाठी दालन उघडलं. त्यात त्याचं उपरणं आहे, चष्मा आहे, दौत आहे, आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं आमचं एकफळी दार आहे. मी ते पाहायला गेले होते.

कवी म्हणजे आमचा विसू. आता त्याला नुसतं विसू म्हणणारी माणसं दोन-तीनच उरली असतील. तो तिशीच्या आत क्षयाने गेला, आणि गेल्यावर लगेच मोठा झाला. त्याची ‘गुरुवार’ ही कविता नव्या क्रमिक पुस्तकात आली. सोलापुरातल्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिकवते, तिथे ती पाचवीला आहे आणि पाचवी माझ्याकडे आहे. वार लावून जेवणारा एक गरीब मुलगा. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असा आठवडा काढणारा. एका गुरुवारी तो नेहमीच्या घरी जातो तर दार उघडत नाही. घरातली बाई दाराआडून सांगते, ‘तू फार जेवतोस.’ मग तो दिवसभर उपाशी हिंडतो आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते तीन शब्द परत येतात. आमच्या मुली ते मान वेळावून, हात नाचवून म्हणतात. गॅदरिंगला एक मुलगी विसू होते आणि एक ती बाई. बाई व्हायला सगळ्यांना आवडतं, कारण तिला नथ घालायला मिळते.

ती बाई म्हणजे माझी आई. दरवर्षी कुणी ना कुणी हात वर करून विचारतंच, "बाई, ती बाई इतकी दुष्ट का होती?" आणि दरवर्षी मी सांगते, "पुढचं कडवं वाचा."

आई माझ्याजवळच असते, शुक्रवार पेठेत, दोन खोल्यांत. वडील गेले. माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत संपलंही. त्याबद्दल लिहावं असं काही नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजेड कळतो, माणूस कळत नाही. शेजारच्या तेलुगू साळ्यांच्या घरात दिवसभर माग चालतो, त्याच्या आवाजावर ती वेळ ओळखते. माग थांबला की दुपारचं जेवण, पुन्हा सुरू झाला की चहा. आमचं जुनं घर पाडलं आणि दार दालनात नेलं, ही बातमी तिला गावाकडून आलेल्या कुणीतरी, ती शेजारणीचा हात धरून बाजारात गेली असताना, सांगितली. ती घरी आली आणि चाचपत भाजी निवडायला बसली.

"सुट्टी आहे का तुला?" मग म्हणाली. "जाऊन बघून ये. दार काही मागून मिळायचं नाही. पण आतल्या बाजूला बाळूच्या खाचा आहेत. त्यांनी रंधा मारला असला तर गेल्या. नसला मारला, तर हात फिरवून ये."

निघताना तिने माझ्या हातात दोऱ्याची एक गुंडी दिली. शेजारच्या मागावरचा तुटलेला, खळ लावलेला पांढरा दोरा. "खालपासून वरच्या खाचेपर्यंत माप घे," ती म्हणाली. "तेवढाच तोड."

बाळूचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोटो नाही. त्या काळी चार वर्षांच्या मुलाचे फोटो काढत नसत. दरसाल पाडव्याला कडुनिंबाचा पाला आणि गूळ खाऊन झाला की वडील आम्हाला दाराच्या आतल्या बाजूला पाठ लावून उभं करीत, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरीत आणि चाकूने लाकडात बारीक खाच पाडीत. माझ्या खाचा डावीकडे, बाळूच्या उजवीकडे. बाळू टाचा उचलायचा. वडील गंभीरपणे म्हणायचे, "टाचा खाली, साहेब." त्याच्या तीन खाचा झाल्या होत्या. पाडव्याच्या दिवसाचा तो वास माझ्या नाकातून जात नाही, ताजं लाकूड कापल्याचा, गुळाचा आणि बाळूच्या डोक्याला चोपडलेल्या तेलाचा.

मोटारीत माझ्या शेजारी एक धनगरीण बसली होती, मांडीवर कोकरू घेऊन. सांगोल्याकडची. रस्ताभर पांढरी धूळ उडत होती आणि कोकराच्या अंगाला ओल्या लोकरीचा उबट वास येत होता. तिने मला विचारलं, "कुटं निघाल्या, बाई?"

"गढीवर. कवीची खोली बघायला."

"म्या न्हाय बगितली. त्यो जेवायचा लई म्हनत्यात, व्हय?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. इथपर्यंत पोचलं होतं तर. मोटार थांबली, ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, आणि पुन्हा निघाली.

देवडीत शिरताच तोच वास आला. वटवाघळांचा, करंजाच्या तेलाचा, जुन्या चुन्याचा. ऐन उन्हात तिथे गारवा असायचा. विसू या देवडीतच राहायचा. कोरडवाहू गावातल्या विधवेचा मुलगा, शाळेसाठी आलेला. जहागीरदारांनी त्याला देवडीतली एक ओवरी झोपायला दिली होती. वळकटी, पाटी, एक तांब्या आणि दोरीवर वाळत घातलेला पंचा, एवढा त्याचा संसार. समोरच्या ओवरीत देवडीचा राखणदार चाँदभाई राहायचा. कबुतरं दिवसभर घुमायची आणि सांज झाली की चाँदभाई नगाऱ्यावर सात टोले द्यायचा. आमच्या घरापर्यंत ते ऐकू यायचे. सातवा टोला झाला की आई आम्हाला आत बोलवायची. हे टोले केव्हा बंद झाले कोण जाणे. आता देवडीत नगाराच नव्हता, त्याच्या जागी दालनाच्या वेळांची पाटी होती.

आमच्याकडे गुरुवारी चकोल्या व्हायच्या. गोडा मसाला आणि आमसूल घातलेलं वरण चुलीवर रटरटायचं आणि आई त्यात कणकेचे तुकडे एकेक करून सोडायची. विसू ओट्यावरूनच हाक द्यायचा, "काकू, आलो." सदरा ओट्यावरच्या खुंटीला अडकवून, पंचा नेसून, खाली मान घालून आत यायचा. पानावर बसला की श्लोक म्हणायचा, तो वडिलांचा नेम. विसूला पुष्कळ श्लोक यायचे. पण गुरुवारामागून गुरुवार गेले आणि श्लोक संपले. मग एकदा त्याने म्हटलेल्या श्लोकात आमच्या खंदकातली शेळी आली. वडिलांच्या लक्षात आलं नाही. आईची पळी मात्र हातातच राहिली.

"हा कुठला रे, विसू?"

"असाच."

"असाच म्हणजे?"

"मीच जुळवला, काकू." तो कानापर्यंत लाल झाला होता.

आईने त्याच्या चकोल्यांवर आणखी एक चमचा तूप सोडलं. "मग दर गुरुवारी एक नवा पाहिजे," ती म्हणाली.

आणि तो आणू लागला. तुपावर एक, नगाऱ्यावर एक, माझ्या दोन वेण्यांवर एक, बाळूच्या वाहत्या नाकावर एक. नाकावरचा श्लोक बाळूने पाठ केला आणि घरभर म्हणत हिंडला. त्यातला एकही त्या दालनात नाही. कुणी लिहून घेतले नव्हते. मला बाळूचा तेवढा अर्धा आठवतो, दुसरी ओळ काही केल्या येत नाही.

विसू खूप जेवायचा हे खरंच होतं. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमचा विसू फार जेवतो हो. बघून बरं वाटतं." ‘फार जेवतो’ हे शब्द आमच्या घरात रोज उठता-बसता म्हटले जात. बाळूने एखादी चतकोर भाकरी जास्त खाल्ली की त्यालाही, "अगं बाई, हा तर विसू झाला. फार जेवतो."

माडीवर दाराशी चाँदभाईच बसला होता. दाढी पांढरी झालेली, डोक्यावर तीच निळी टोपी. मी त्याला ओळखलं, त्याने मला नाही. दालनाच्या कमिटीने आता त्याला ते दाखवायचं काम दिलंय. तो उठला, काठी हातात घेतली आणि एका दमात सुरू झाला, "हे कवींचे उपरणे. हा कवींचा चष्मा. या दौतीतून कवींनी ‘गुरुवार’ लिहिली." पाठ करून घेतलेलं होतं, शब्द जड, छापील, आणि तो ते भरल्या बैलगाडीसारखे ओढत होता. मग काठी दाराकडे वळली. "ज्या दाराने बालकवीस उपाशी धाडिले, ते हे दार. गावातील एका कृपण गृहिणीच्या घराचे."

दारावर पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, तीवरही तेच. दाराला कुणीतरी तेल लावलं होतं. कडी चकचकीत घासली होती. आमच्या घरी ती कडी कधी अशी चमकत नव्हती. दर्शनी बाजू पुढे होती, आतली भिंतीकडे.

"मला आतली बाजू बघायची आहे," मी म्हटलं.

"आतली? ती कोन बगतंय?" तो हसला. मग डोळे बारीक करून त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी कुनाच्या?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, मामलेदार कचेरीतले कारकून म्हणून. चाँदभाईने हातातली काठी हळूच भिंतीला टेकवली आणि टोपी काढली.

"या अल्ला. ताई? दोन येन्यांची ताई?" तो खाली बसला. "मला असं म्हनाय लावत्यात हो. रोज म्हनाय लावत्यात. वैनी हायत?"

"आहेत."

"त्यास्नी सांगू नगा म्या हे म्हनतो ते."

बाळूचं ते जाणं. त्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही, म्हणून इथे तरी लिहिते. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडली होती. गावात उंदीर पडायला लागले होते. प्लेगच्या साथीत जो तो कडुनिंबाचा पाला जाळायचा आणि त्या धुराने सगळं गाव कडू व्हायचं. बुधवारी रात्री बाळू तापला. गुरुवारी सकाळी आईने त्याच्या काखेत बोट लावून पाहिलं आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढली. सुपारीएवढी गाठ. वडील फिरतीवर होते, शनिवारी यायचे होते. कळलं तर कचेरीची माणसं येणार, बाळूला ओढ्यापलीकडच्या प्लेगच्या झोपडीत नेणार. आदल्या साथीत शेजारची दोन मुलं तिकडे नेली होती, ती परत आली नव्हती. आईने वैद्याला बोलावलं नाही. मला पुढच्या खोलीत बसवलं आणि उंबरा ओलांडायचा नाही असं सांगितलं.

दुपारी ओट्यावर पावलं वाजली. "काकू, आलो."

आई माजघराच्या दारापर्यंत आली. माझ्यापासून लांब उभी राहिली. इतक्या हळू बोलली की मला तिच्या ओठांवरूनच जास्त कळलं. "सांग त्याला, तुझा वार बंद. आत येऊ देऊ नको. कशाला हात लावू देऊ नको. आणि का ते सांगू नको." मग ती आत गेली.

मी दार वीतभर उघडलं. विसूचा सदरा काढून झाला होता, हातात होता.

"विसू, तुझा वार बंद."

तो हसला. त्याला वाटलं मी चिडवतेय. "चकोल्यांचा वास येत नाही तो आज?"

"बंद म्हणजे बंद."

"का गं? माझं काही चुकलं का? काकूंना विचार ना." त्याने चौकटीवर हात ठेवला. त्याच वेळी आत बाळू कण्हला. मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं, याने ऐकलं तर हा आत येईल, मग गावात कळेल, मग ते बाळूला नेतील. तो आवाज बुडवायला मला काहीतरी मोठ्याने बोलायला हवं होतं, आणि रोज कानांवर पडणारे तेच शब्द तोंडात आले. "तू फार जेवतोस!" मी ओरडले.

त्याचा हात चौकटीवरून निघाला. मी दार लोटलं, कडी घातली आणि फटीतून पाहिलं. त्याने सदरा पुन्हा अंगात घातला. गुंड्या लावल्या, एकूणएक, अगदी गळ्याजवळचीसुद्धा. मग ओट्याच्या पायऱ्या उतरून गेला.

शनिवारी सकाळी बाळू गेला. वडील दुपारी पोचले. मग कचेरीची माणसं आली, फिनेल आलं, छपराची कौलं उतरवून घरात ऊन सोडलं. गाव माळावर कडब्याच्या खोपट्यांत राहायला गेलं. त्या थंडीत किती घरांत किती माणसं गेली, आणि कोणत्या घराचं दार कोणत्या वारी का बंद होतं, हे कुणाच्या ध्यानात राहणार? वर्षाच्या आत वडिलांची सोलापूरला बदली झाली. विसू पुन्हा आमच्या दारी आला नाही. गाव सोडताना आईने मागे वळून दाराकडे पाहिलं, मी पाहिलं नाही.

नंतर विसू एकदाच दिसला, सोलापुरात, काव्यगायनाच्या कार्यक्रमात. बायकांच्या जागा मागे होत्या. आईचे डोळे तेव्हा ठीक होते. त्याने ‘गुरुवार’ म्हटली. आम्ही दोघींनी ती पहिल्यांदा ऐकली, ते तीन शब्द पाच वेळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढे बसलेल्या एका बाईने पदराने डोळे टिपले. त्याने मला सगळ्यातून काढून टाकलं होतं. दारात मुलगी नव्हतीच, तिथे आई होती. आता आई विचारेल, मी असं कधी म्हटलं गं, असं मला वाटलं. टांग्यात बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "आवाज चांगला झालाय त्याचा. वाळलाय मात्र फार."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. पुढे ती कविता छापली, पुस्तकात आली, मी ती शिकवली, तरी नाही बोलले. आई कृपण ठरली आणि मी पाचवीच्या मुलींना कवितेचा अर्थ सांगत राहिले. याला भित्रेपणाशिवाय दुसरा शब्द नाही.

चाँदभाईने आणि मी मिळून दार भिंतीपासून ओढलं. जड होतं. मागून एक पाल पळाली, कोळ्याची जाळी लोंबली. रंधा मारलेला नव्हता. आतल्या बाजूला तेलही लावलेलं नव्हतं. लाकूड होतं तसं काळपट, आमच्या चुलीच्या धुराचं. डावीकडे माझ्या सात खाचा, उजवीकडे तीन. मी खाली बसले, दोऱ्याचं टोक दाराच्या तळाशी धरलं आणि वरच्या खाचेपर्यंत नेलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा दोरा फारच कमी लागला. दाताने तोडला. चाँदभाई तोंड फिरवून उभा होता.

"त्यो गुरुवार मला ठावा हाय, ताई," तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

"कुठला?"

"त्योच की. दुपारी आला आन् माज्या बाजंवर बसला. रडत न्हवता. गळ्यापत्तुर गुंड्या लावल्याल्या. म्हनलं, जेवला का रं? न्हाय म्हनला. आमच्या हिनं भाकरी केल्या हुत्या, लसनाची चटनी हुती. म्हनलं, खातूस का? तर हिकडं बगितलं, तिकडं बगितलं, आन् खाल्ली. दोन भाकरी खाल्ल्या. चाचा, कुनाला सांगू नगा म्हनला. आमच्या घरचं खाल्लं म्हनल्यावर त्याचं समदं वार बंद झालं असतं की. म्या आजपत्तुर बोललो न्हाय. कमिटीलाबी न्हाय."

म्हणजे तो उपाशी हिंडलाच नव्हता. ज्याने खाऊ घातलं तो माणूस रोज दहा वेळा काठी उचलून तो उपाशी राहिल्याचं सांगत होता.

"आणखी काही म्हणाला का?"

"म्हनला, काकूंच्या घरात लेकरू कन्हतंय, चाचा. काय तरी वंगाळ हाय. मला मुद्दाम घालवलं."

"त्याला कळलं होतं?"

"व्हय की. त्यो काय येडा हुता?"

मला विसूचा राग आला. मेलेल्या माणसाचा येऊ नये म्हणतात तेवढा आला. त्याला ठाऊक होतं. ती कविता लिहायला बसला तेव्हाही ठाऊक असणार. आमच्या दारातून जिवंत परत गेला म्हणून तर लिहू शकला. पण प्लेग घातला असता तर कविता अवघड झाली असती, आणि चाँदभाईची भाकरी घातली असती तर त्या काळात छापलीच नसती. त्याने सोपं ते ठेवलं. आणि ते सोपं त्याच्या हातात मीच दिलं होतं.

"मग त्याने असं का लिहिलं, चाँदभाई?"

"ते मला काय ठावं? मला वाचाय येत न्हाय. पाठ करून घेतलंय तेवढं म्हनतो."

आम्ही दोघांनी दार पुन्हा होतं तसं फिरवून ठेवलं. तसंच राहू दिलं असतं तर कमिटीने त्याला काढला असता. मेजावर अभिप्रायाची वही होती. थोर थोर लोकांनी डोळे पाणावल्याचं लिहिलं होतं. एकाने या दारापुढे मान शरमेने खाली जाते असं लिहून सही केली होती. मी टाक बुडवला. पान कोरं होतं, वेळ होता, चाँदभाई बाहेर गेला होता. मी लिहिलं, ‘दालन स्वच्छ ठेवले आहे.’ खाली नाव आणि शाळेचं नाव.

"चांगलं लिवलं का?" आत येत चाँदभाईने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा शेजारचा माग थांबत आला होता. आई दारातच बसली होती. मी तिच्या हातात दोरा ठेवला. तिने तो दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चाचपला, मग उभी राहिली, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली धरलं आणि दुसरं अंगाला लावून वर नेलं. कमरेपर्यंतच आलं. तिथे तिने तळहात आडवा ठेवला, डोक्यावर ठेवतात तसा.

"इथे यायचा," ती म्हणाली. मग खाली बसून दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "तिथे कुठे लिहिलंय का गं, तो त्या दिवशी कुठे जेवला ते?"

मला वाटलं होतं ती चिठ्ठीबद्दल विचारेल. तिच्याबद्दल काय लिहिलंय ते विचारेल. तिला सोळा वर्षं हेच हवं होतं.

"जेवला," मी म्हणाले. "लिहिलेलं नाही. चाँदभाईकडे दोन भाकरी खाल्ल्या. लसणाची चटणी होती."

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "दोन? दोनने काय होतंय त्याचं?"

तेव्हा मी सांगितलं. ते शब्द तिचे नव्हते, विसूने बनवलेलेही नव्हते, माझे होते, हे सगळं एका दमात. सांगताना माझा आवाज नऊ वर्षांच्या मुलीसारखा झाला होता आणि मला त्याची लाज वाटली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "माजघरात किती लांब होते मी? ऐकलं की."

"मग बोलली का नाहीस? कधीच नाही बोललीस."

"काय बोलायचं? मी म्हटलं असतं की तू म्हणालीस, तर पोरींनी तुला शाळेत जगू दिलं असतं का? मला कुठे शाळेत जायचं होतं?" तिने दोऱ्याची गुंडी कनवटीला खोचली. "आणि तू तसं ओरडली नसतीस तर तो ओट्यावरच बसून राहिला असता. हट्टी होता. चूल पेटव आता."

सोमवारी पाचवीला मराठीचा तास होता. मुलींनी ‘गुरुवार’ चालीवर म्हटली, मान वेळावून, हात नाचवून. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, ती बाई इतकी दुष्ट का होती?"

मी पुस्तक मिटलं. "दारात बाई नव्हती," मी म्हणाले. "नऊ वर्षांची मुलगी होती. ती मी." आणि सगळं सांगितलं. बाळूची गाठ, आईचे ओठ, ते ओरडणं, चाँदभाईच्या दोन भाकरी. लांब गिरणीचा भोंगा झाला. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती पुढच्या गॅदरिंगला नथ घालणार होती.

मग पहिल्या बाकावरची, पहिल्या नंबरची मुलगी उभी राहिली. तिने खूप विचार केलेला दिसत होता.

"पण बाई," ती म्हणाली, "परीक्षेत काय लिहायचं?"

सगळ्या मुलींनी टाक उचलून माझ्याकडे पाहिलं. फळ्यावर सकाळीच मी प्रश्न लिहून ठेवला होता, बाईने मुलास काय म्हटले?

"पुस्तकात आहे ते लिहा," मी म्हणाले.